सीझेड २५०: लांब शॉकअप आणि ट्रेल, आठ महिन्यांनंतर

सांगलीत काकांच्या येझदीवर मी गाडी शिकलो. ओहायोत जुन्या गाड्यांच्या मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरच्या शर्यतीत, उतरायचं ठरलं तेव्हा म्हणूनच १९७१ ची सीझेड २५० ही चेकोस्लोव्हाकियाची गाडी घेतली. येझदीसारखीच हिलाही गिअरच्याच दांडीने किक मारायची, हे पायाला आधीपासून माहीत होतं. गाडी दणकट आहे, पण वळणात पुढचं चाक बाहेर पळायचं.

इथल्या एएचआरएमए संघटनेच्या व्हिंटेज वर्गात चाकाची हालचाल पुढे ७ आणि मागे ४ इंचांपुढे चालत नाही. म्हणून स्ट्रोक (दबण्याची हालचाल) तेवढाच, पण लांबी १५ मिमी जास्त असे गॅसचे शॉकअप घेतले. मागची बाजू साधारण १८ मिमी उचलली जाईल, फोर्क पाऊण अंश उभा होईल, ट्रेल पाच-सहा मिमी घटेल, असा हिशेब होता. ट्रेल म्हणजे हँडल ज्या अक्षावर फिरतं त्याची रेषा जमिनीला जिथे भिडते, तिथून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर; ते घटलं की गाडी पटकन वळते, पण फार घटलं की हँडल थरथरतं. प्रत्यक्षात फरकच जाणवेना. विक्रेत्याने दिलेल्या स्प्रिंगा माझ्या ८२ किलोंना मऊ होत्या. मी बसलो की मागचं ४८ मिमी दबायचं. उचललेलं सगळं तिथेच जात होतं. ते न मोजताच मी फोर्कच्या नळ्या, त्यांना हँडलखाली धरणाऱ्या ‘टी’ मधून, १५ मिमी वर सरकवल्या, म्हणजे पुढची बाजू खाली आणली. गाडी वळू लागली, मी खूश.

तीन महिन्यांनी जाड स्प्रिंगा बसवल्या, मी बसल्यावरचं दबणं ३२ मिमीवर आलं. नळ्या मात्र तशाच राहिल्या. पहिल्याच सरावात, वाळूच्या उतारावर हँडल इतकं झटके देऊ लागलं की दोन्ही मनगटं सुजली. घरी मी गाडीवर बसलो, मुलीने ओळंबा धरला आणि ट्रेल मोजला. मूळ शॉकअपवर १४१ मिमी होता, आता १३१. नळ्या ५ मिमीवर आणल्या, ट्रेल १३५ झाला, आणि गाडी तीच राहिली नाही! चरात शिरते, बाहेर पडते, उतारावर सरळ धावते.

हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटला टेपर रोलर बेअरिंग घातलं, तेही चांगलं निघालं. चेनची मात्र काळजी घ्या. मागची बाजू उंच झाली की मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा उतार वाढतो, आणि चेन त्याच्यावरचं रबर खाते. माझं दोन महिन्यांत संपलं. ढील तपासताना शॉकअप काढून पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आणा. चेन सगळ्यात जास्त ताणली जाते ती तिथेच.

सातव्या महिन्यात डाव्या शॉकअपचं सील गळलं, तेवढी एक तक्रार. तरी हेच पुन्हा घेईन, फक्त स्प्रिंगा वजन सांगून मागवेन.