तालुका आरोग्य अधिकारी कार्यालय: चार स्टार देणार होतो, साडेतीन दिले

कुठला तालुका ते लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. घाटाच्या अंगाचा पश्चिम महाराष्ट्रातला आहे एवढं समजा, आणि माझी गावात पिठाची गिरणी आहे. गिरणीचा आणि आरोग्य खात्याचा काय संबंध ते पुढे कळेल.

आधी एक सांगतो. मॅपवर आमच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, लोकांनी जे एकेक स्टार दिलेत ना ते वाचून हसावं का रडावं कळत नाही, एकाने लिहिलंय सुई मारली नाही नुसत्या गोळ्या दिल्या, एकाने लिहिलंय पंखा बंद, एकाने तर फक्त "बेकार" एवढंच. म्हणजे सगळे मार्क दवाखान्यातल्या खुर्चीला. मी ज्याचा रिव्ह्यू लिहितोय तो माणूस तुम्हाला तपासायला बसलेलाच नसतो, आणि म्हणून त्याला कुणी स्टारच देत नाही, चांगले पण नाहीत आणि वाईट पण नाहीत.

तर तालुका आरोग्य अधिकारी, सगळे टीएचओ म्हणतात. ऑफिस आमच्याकडे पंचायत समितीच्या आवारात मागच्या बाजूला. याच्या हाताखाली तालुक्यातल्या सगळ्या पीएचसी आणि उपकेंद्रं, सरकारी हिशेब असा की डोंगरी भागात 20 हजार लोकांमागे एक पीएचसी आणि 3 हजारांमागे एक उपकेंद्र, सपाटीला तेच 30 हजार आणि 5 हजार. याच्या वर जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि त्याच्यावर सीईओ. एक गोष्ट लक्षात ठेवा, तालुक्याला जे मोठं ग्रामीण रुग्णालय असतं ते टीएचओकडे नाही, ते सिव्हिल सर्जनच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या साहेबांच्या लाईनीत. माझा मेव्हणा ग्रामीण रुग्णालयाची तक्रार घेऊन टीएचओच्या दारात दोन तास बसला होता आणि शेवटी शिपायाने सांगितलं की भाऊ हे आमच्याकडं येतच नाही.

गेल्या काही वर्षांत मी इथं दोन साहेब बघितले, त्यामुळे तुलना करता येते.

पहिले होते ते प्रभारी. म्हणजे मूळ एका पीएचसीचे मेडिकल ऑफिसर आणि वरून टीएचओचा चार्ज. एमबीबीएस, हात एकदम चांगला, साप चावलेल्या एका पोराला त्यांनी रात्री दोनला वाचवलंय हे अख्खा तालुका सांगेल. पण ऑफिस म्हणाल तर कुलूप लावल्यासारखंच. सकाळी ओपीडी, मग कुठंतरी पोस्टमार्टेम, दुपारी व्हीसी म्हणजे वरच्या साहेबांशी व्हिडिओवर मीटिंग, संध्याकाळी बिलांवर सह्या, तो माणूस गावागावात फिरणार कधी. मी दोनदा पाण्याचा अर्ज घेऊन गेलो, दोन्ही वेळा "ठेवून जा". माणूस वाईट नव्हता, काम वेगळं होतं आणि त्यांना शिकवलेलं वेगळं होतं, एवढंच.

नंतर मॅडम आल्या. एमबीबीएस आणि वर डीपीएच. दारावरच्या पाटीवर ही अक्षरं बघून मला वाटलं हे काय नवीन, मग पुतण्याला विचारलं, तो मेडिकलला आहे, म्हणाला डिप्लोमा इन पब्लिक हेल्थ. याच लाईनीत पुढे एमडी पण असते, तिला पीएसएम म्हणतात, प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, आता कम्युनिटी मेडिसिन. साथ कशी पसरते, पेशंट मोजायचे कसे, पाणी, मैला, लसीकरण, माणसं आणि पैसा कसा चालवायचा, हे सगळं यात येतं. पुतण्या म्हणाला काका आमच्यात हुशार पोरं मेडिसिन नाहीतर रेडिओलॉजी बघतात, पीएसएमला उरलेले जातात. घ्या. ज्या डिग्रीवर दीड-दोन लाखाचा तालुका चालवायचा ती उरलेल्यांची.

तामिळनाडूत हे वेगळं आहे म्हणे, तिथं पब्लिक हेल्थचं डायरेक्टोरेटच निराळं आणि त्यांचा पब्लिक हेल्थचा कायदा 1939 चा, मद्रास प्रांत होता तेव्हाचा. केंद्राने पण 2022 मध्ये राज्यांना सांगितलंय की दवाखान्याचे डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्याचे अधिकारी यांचं केडर वेगळं करा. आमच्या पंचायत समितीत अजून पंखे बदलायचं चाललंय.

आता मुद्द्याचं. जून, पहिला पाऊस पडून गेलेला. माझ्याकडं तीन दिवसांत चार घरांतून बायका कण्या काढायला आल्या. आमच्याकडं घरात कुणी आजारी असल्याशिवाय एवढ्या कण्या कुणी खात नाही. मी आशाताईला बोललो, ती म्हणाली अहो मला पण दोन घरी ओआरएस द्यावं लागलं. तिने आरोग्यसेविकेला फोन केला, तिने पीएचसीला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मॅडम स्वतः ग्रामपंचायतीच्या पायरीवर.

मला वाटलं आता गोळ्या वाटतील आणि फोटो काढून जातील. गोळ्या वाटायचं काम पीएचसीच्या डॉक्टरने केलं. मॅडमनी जुन्या फायलीचं पुठ्ठं मागितलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला गावाच्या आळ्या काढल्या आणि आशाताई सांगेल तसं एकेका घरावर फुली. पहिलं कोण आजारी पडलं, कुठल्या वारी, लग्नाला कुठं गेले होते का, पाणी कुठलं पितात. 17 पेशंट, त्यातले 14 खालच्या आळीचे. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, म्हणाले मॅडम टाकी एकच आहे हो सगळ्या गावाला. त्या म्हणाल्या म्हणूनच.

मग आरोग्यसेवकाला क्लोरोस्कोप घेऊन पाठवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन नावाच्या औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. टाकीजवळच्या नळाला फिकट का होईना पिवळा आला. खालच्या आळीत तीन नळ बघितले, तिन्ही पाण्यासारखे पांढरे. म्हणजे टाकीत टाकलेला क्लोरीन वाटेत कशावर तरी खर्च होत होता. खालच्या आळीची लाईन गटारीच्या कडेने जाते, तिथं खणायला लावलं, तर जॉइंटला सायकलची ट्यूब गुंडाळलेली! जलसुरक्षक, म्हणजे गावचं पाणी सोडणारा माणूस, म्हणतो मॅडम गळत नाही, घट्ट आहे. त्यांनी शांतपणे समजावलं की पाणी चालू असताना ते बाहेर गळतं, आणि पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचं आत ओढतो, तुम्ही दिवसाला एक तास पाणी सोडता, उरलेले 23 तास हा पाइप गटार पितोय. मी 50 वर्षं या गावात राहतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

टीसीएल पावडरची, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या पावडरची, पिशवी पण बघितली. ग्रामपंचायतीच्या मोरीजवळ तोंड उघडी टाकलेली, ओल लागून गोळे झालेले. त्यांनी मला वास घ्यायला लावला, नाकात जायला पाहिजे ती झणझण नाहीच. उघडी पडली की क्लोरीन उडून जातो, मागे राहतो तो नुसता चुना, म्हणाल्या.

आणि इथंच मला त्या पोस्टची खरी गोम कळली. पाइप दुरुस्त करायचा अधिकार टीएचओला नाही, तो ग्रामपंचायतीचा. पावडर घ्यायची ग्रामपंचायतीने. टँकर लागला तर ते खातं तिसरंच. म्हणजे साथ आली तर जाब यांना, आणि साथ ज्याने थांबते त्यातलं एकही यांच्या हातात नाही. बाईंनी तिथंच बसून भाऊसाहेबांना लेखी पत्र दिलं, बीडीओंना म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांना फोन लावला, फोन स्पीकरवर ठेवला (हे मला फार आवडलं), सरपंचाला शेजारी बसवलं. संध्याकाळी प्लंबर आला. पाणी उकळून प्यायची दवंडी, शौचाचे नमुने लॅबला, आशाताई रोज घरोघर. आठवड्यात नवीन पेशंट थांबले, पण त्यानंतर पण त्या दोनदा येऊन गेल्या.

अधिकार आणि अक्कल या वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या लोकांना नवीन नाही. 1897 ला पुण्यात प्लेगच्या कमिटीवर जो रँड बसवला तो डॉक्टर नव्हता, आयसीएस म्हणजे इंग्रज सरकारचा सनदी अधिकारी होता, हातात त्याच वर्षीचा साथरोग कायदा आणि दिमतीला सोल्जर, पुढचं चापेकरांचं सगळ्यांना पाठ आहे. तोच कायदा 2020 ला कोविडमध्ये परत बाहेर काढला होता.

असो. पावसाळ्यानंतर पाणी तपासणीचा सर्व्हे झाला आणि गावाला लाल कार्ड लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, हिरवं चांगलं, पिवळं मधलं, लाल म्हणजे धोका. सरपंच दोन गाड्या भरून ऑफिसला गेले की गावाची बेअब्रू होते, पिवळं तरी करा. मॅडमनी चहा पाजला आणि कार्ड लालच ठेवलं. या एका गोष्टीसाठी माझ्याकडून पूर्ण एक स्टार.

आता कापलेले मार्क. लॅबचा रिपोर्ट आला नऊ दिवसांनी, तोवर लोक बरे होऊन शेतात गेलेले. ऑफिसचा लँडलाईन फोन वाजतो पण उचलायला टेबलावर कुणी नसतं. कुत्रं चावल्यावरची लस कुठल्या पीएचसीत शिल्लक आहे हे ऑफिसला विचारलं तर तिथं जाऊनच बघा म्हणतात, अहो मग तुम्ही कशाला आहात. आणि फळ्यावर मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं असा तक्ता आहे, त्यात तिसरा रकाना सगळ्यात लांब.

आणि जो अर्धा स्टार शेवटच्या क्षणी कापला तो मॅडमच्या बदलीचा. गेल्या महिन्यात ऑर्डर निघाली. चार्ज परत एका पीएचसीच्या डॉक्टरकडे, ओपीडी सांभाळून. यात ऑफिसची चूक नाही हे मला कळतं पण रिव्ह्यू मी सर्व्हिसचा लिहितोय, आणि सर्व्हिस आज काय आहे तर दारावर प्रभारीची पाटी.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी जाऊ नका, मीटिंगा असतात. अर्ज दोन प्रतीत न्या आणि एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, नुसतं "ठेवून जा" ऐकू नका. झेरॉक्स गेटसमोर आहे, दोन ते अडीच बंद. पाण्याची तक्रार असेल तर आधी तुमच्या आरोग्यसेवकाला घरच्या नळाची ओटी करायला लावा आणि कुठल्या नळाला रंग आला, कुठल्या नाही, ते अर्जात लिहा. आमची ओटीची बाटली आता गिरणीत गल्ल्याशेजारी असते, आरोग्यसेवक इथंच ठेवून जातो, खालच्या आळीच्या बायका दळण आणताना सोबत तांब्याभर पाणी पण आणतात.