सिलिकॉनचा लायनर: परभणीच्या दोन उन्हाळ्यांनंतर

2021 मध्ये मोटारसायकलच्या अपघातानंतर माझा उजवा पाय गुडघ्याखाली 5 इंचांवर कापावा लागला. उरलेल्या भागाला दवाखान्यात स्टंप म्हणतात, आमच्या घरात खुंट म्हणतात. पहिली दीड वर्षे मी शिबिरात मिळालेला कृत्रिम पाय सुती मोज्यांवर, मांडीला पट्टा बांधून वापरला. फेब्रुवारी 2023 पासून मात्र सिलिकॉनचा लायनर, म्हणजे खुंटावर थेट चढवायचा, टोकाला पिन असलेला मऊ मोजा, आणि ती पिन अडकवायचे कुलूप बुडाशी असलेला सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा खुंट बसवायचा पोकळ भाग, वापरतो आहे. सेलूच्या बाजार समितीत माझी कारकुनी आहे आणि कापसाच्या हंगामात दिवसाचे आठ-नऊ तास यार्डात उभ्याने जातात, हे ध्यानात ठेवून पुढील अभिप्राय वाचावा.

लायनरचा मुख्य लाभ असा की चालताना पाय खुंटावर वर-खाली घासत नाही. सुती मोज्यावर दर पावलाला होणारे घर्षण आता सिलिकॉन आपल्या अंगावर घेतो, त्यामुळे नडगीच्या हाडाच्या टोकावर पूर्वी पंधरा दिवसांतून एकदा तरी सोलवटणारी कातडी गेल्या वर्षभरात एकदाही सोलवटलेली नाही. पिन कुलपात बसताना टक-टक असा आवाज येतो. किती टक वाजले यावरून खुंट किती खोल बसला हे कळते. खुंट सकाळपेक्षा संध्याकाळी बारीक होतो. तो सॉकेटमध्ये खाली उतरला की गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेला दुखू लागते, आणि तेव्हा लायनरवरून आणखी एक मोजा चढवावा लागतो. हे मोजे 1, 3 आणि 5 पदरांचे मिळतात. पातळ मोजा मी नेहमी खिशात ठेवतो.

पहिली खरेदी मात्र फसली. नाव न घेता सांगतो: एका विक्रेत्याने फोनवर माप घेतले, तेही गुडघ्याच्या लगेच खालचे, आणि लायनर कुरिअरने पाठवला. वास्तविक घेर खुंटाच्या टोकापासून 4 सेंटिमीटर वर मोजावा लागतो. एक माप मोठा आलेला तो लायनर टोकाशी पोकळ राहिला, त्या पोकळीत घाम साचला आणि आठव्या दिवशी फोड आले. पाकीट फोडल्याने माल परत घेतला गेला नाही. अखेर सकाळच्या गाडीने छत्रपती संभाजीनगर गाठले. तिथल्या तंत्रज्ञांनी माझा जुना पाय हातातही घेतला नाही. "भाऊ, पाय नंतर दाखवा, आधी खुंट दाखवा," असे म्हणून त्यांनी टोकावरची काळपट, जाड झालेली कातडी बोटाने दाबून पाहिली. मग जुन्या सॉकेटच्या तळाशी ओल्या मातीची बोराएवढी गोळी टाकून मला त्यावर भार देऊन उभे केले. गोळी जशीच्या तशी गोल बाहेर आली. खुंटाचे टोक दीड वर्ष अधांतरी लोंबकळत होते, म्हणून तिथे सूज धरून कातडी जाड झाली होती. शिबिरात पाय मिळाला, पण हे पाहायला कोणाला सवड नव्हती.

उन्हाळ्याचे खरे सांगायचे तर सिलिकॉन घाम शोषत नाही. मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला की दुपारपर्यंत लायनरमध्ये पाणी झालेले असते आणि पाय सैल वाटू लागतो. पहिल्या उन्हाळ्यात मी दुर्लक्ष केले आणि घामोळे झाले, त्यावर दोन केसतोड उठले. आठवडाभर कुबड्यांवर काढावा लागला. आता दुपारी एकदा लायनर उतरवून खुंट व आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा चढवतो. खुंटावरचे केस कापत नाही, कारण खुरटलेला केस कातडीत वळला की तिथेच केसतोड होतो. आईच्या आग्रहाचे खोबरेल तेल सकाळी पूर्ण वर्ज्य आहे, तेलकट कातडीवर लायनर घसरतो. मलम लावायचे ते रात्री.

रोज रात्री खुंट आणि लायनर दोन्ही सौम्य साबणाने धुवावे लागतात आणि साबणाचा अंशही राहता कामा नये. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात त्यासाठी दोन तांबे पाणी वेगळे काढून ठेवणे ही माझ्या मते या वस्तूची खरी किंमत आहे. लायनर उन्हात नव्हे, सावलीत स्टँडवर वाळवायचा. आमच्याकडे त्यात आणखी एक अडचण निघाली: यार्डातून कपड्यांवर येणारे कापसाचे तंतू ओल्या सिलिकॉनला चिकटतात आणि केसाएवढा एक तंतू आत राहिला तरी संध्याकाळी कातडीवर त्याची लाल रेघ उमटलेली असते. चढवताना लायनर उलटा करून, टोकाशी हवा न ठेवता गुंडाळत वर न्यावा लागतो; तो क्षण तंतू पाहण्याचा. खुंटाची मागची बाजू मी हातआरशात पाहतो, आणि पाय काढल्यावर लाली पंधरा-वीस मिनिटांत ओसरली नाही तर दुसऱ्या दिवशी पाय घालत नाही.

मांडी घालून बसणे मात्र जमत नाही. गुडघ्यामागे लायनरची घडी पडून चिमटा बसतो. पोळ्याच्या पंगतीत मी पाय काढून भिंतीला टेकवून ठेवतो, आणि लहान मुले जेवणापेक्षा त्याच्याकडेच अधिक पाहतात.

मला हा लायनर 22,000 रुपयांना पडला. वर्षभराने काठाशी एक चीर पडली, ती नखाने पडली असावी, आणि तेव्हापासून ती हळूहळू वाढते आहे. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी नवा घ्यायचा आहे. खुंट आता आणखी बारीक झाल्याने माप पुन्हा संभाजीनगरला जाऊनच देणार आहे.