प्रेमाची कादंबरी की मैत्रिणींची?

लव्हस्टोरीवाली कादंबरी मी भुसावळ ते नाशिक प्रवासातच संपवते, ती दोघं भेटणार हे माहीतच असतं आणि घरचे फक्त नाही म्हणायला येतात. मैत्रिणींच्या गोष्टीत मात्र घर खरं वाटतं, म्हणजे बघा, गच्चीवर तिघी बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, टाकतायत, हात चिकट, त्यात एक हळूच म्हणते "मी नाही जात आता सासरी", दुसरी काही न बोलता तिच्या हातातली परात घेते, बास, माझं पान उलटेना. सासर-माहेर असोद्याच्या बहिणाबाईंनी (१८८०-१९५१) कधीच सांगून ठेवलंय म्हणा, तेही शाळेत न जाता. रोमान्स यातही असतो, भाजीत मिठाएवढा. मे महिन्यात डोकं चालत नाही तेव्हा पहिली ठीक, एरवी माझं मत दुसरीलाच, फक्त जाडजूड असतात हो.