फोन शिकायचा कुणाकडून: नातवाकडून की वाचनालयात?

गणपतीला मुंबईहून आलेला नातू झटपट शिकवतो, पण "द्या इकडे, आजोबा" म्हणत फोन स्वतःच्याच हातात घेतो. विसर्जन झालं की स्वारी तुतारी एक्सप्रेसने परत, आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात!

देवगड-गुहागरकडे गावच्या वाचनालयात समवयस्कांसोबत बसलं तर वेग बैलगाडीचा. पण बोट आपलंच फिरतं, म्हणून माझं मत तिकडे. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, पाठवायलाच लागतो, हे तिथे चारदा विचारलं तरी कुणी हसत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लावायचा, हेही तोंडपाठ होतं.

पेन्शनचा हयातीचा दाखला आता घरबसल्या चेहरा दाखवून निघतो. ते ॲप बसवून घ्यायला मात्र दिवाळीला येणारा नातूच बरा.