जुना पत्रा, नवी यंत्रं : शेव्हरोले ३१०० घेताना तीन वाटा

रूप १९५०च्या शेव्हरोले ३१०० पिकअपचं हवं, पण हायवेवर सत्तर मैलांच्या वेगाला शेजारच्याशी न ओरडता बोलताही आलं पाहिजे. अमेरिकेत ही इच्छा धरून जुनी गाडी शोधायला निघालात, तर पुढे तीन वाटा दिसतात. मूळ चासी ठेवून तिच्यावर नवे भाग चढवायचे, किंवा जुनी केबिन आणि हौदा उचलून शेव्हरोलेच्याच एस-१० या लहान, अलीकडच्या पिकअपच्या चासीवर बसवायचा, नाहीतर जुन्याच्या नादी न लागता कंपनीनेच त्या रूपावर बेतलेली एसएसआर ही उघड्या छताची पिकअप विकत घ्यायची. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे. पुढचं त्या हिशेबाने वाचा.

आधी मूळ गाडी काय होती ते बघू. ही मालिका १९४७च्या उन्हाळ्यात आली आणि १९५५च्या सुरुवातीपर्यंत चालली. पुढे आडव्या पट्ट्यांची जाळी, गोलसर बॉनेट, फुगीर मडगार्ड. आत २१६ घनइंची सहा सिलिंडरचं, नव्वदेक हॉर्सपॉवरचं इंजिन, ६ व्होल्टची बॅटरी, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पुढचा एकसंध अॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर. पन्नास मैलांच्या पुढे इंजिन कळवळायला लागतं. गावात फिरवायला झकास, हायवेवर मात्र तिची समजूत घालत न्यावी लागते.

‘फक्त इंजिन बदलू’ म्हणणारे फसतात ते इथे. गाडीखाली आडवं होऊन गिअरबॉक्सपासून मागे बघा. फिरणारा शाफ्ट दिसतच नाही, दिसते एक जाड नळी. शाफ्ट तिच्या आत फिरतो आणि मागच्या चाकांचा पुढे ढकलण्याचा जोरही तीच नळी पेलते. आजचा पाच गिअरचा किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघड्या शाफ्टसाठी बनलेला असतो, तो या नळीला जुळत नाही. म्हणजे गिअरबॉक्स बदलला की शाफ्ट बदलायचा, शाफ्ट बदलला की मागचा अॅक्सल, आणि तोही मडगार्डच्या आत मावेल अशा रुंदीचा शोधायचा. वर वायरिंग १२ व्होल्टची करायची ते वेगळंच.

तरीही मूळ चासीच बरी, कारण हे काम हप्त्याहप्त्याने होतं. सुरुवात ब्रेकपासून करा, इंजिनापासून नको. पेडलचा जोर ब्रेकच्या तेलावर देणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरला एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क, एवढं मूळ अॅक्सलवरही बसतं. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. या गाडीचा मास्टर सिलिंडर पायाखाली, फ्लोअरच्या खालच्या अंगाला असतो, म्हणजे डिस्क दाबून धरणाऱ्या कॅलिपरपेक्षा खाली. तेल उलटं वाहून येऊ नये म्हणून त्या लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा, २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो. तो विसरला तर पहिलं पेडल पोकळ जातं, आणि माणूस महिनाभर ब्रेकच्या पाइपांतली हवा काढत बसतो. मी बसलो होतो.

पुढचा टप्पा म्हणजे फोर्डच्या मस्टँग-२ गाडीच्या धाटणीचं, प्रत्येक चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक स्टीअरिंग. यात मूळ अॅक्सल काढून चासीला नवा क्रॉसमेंबर, म्हणजे आडवा दांडा, वेल्ड करतात, आणि माप तिथेच चुकतं. ओळखीच्या एकाने जवळच्या गॅरेजात ते करून घेतलं. क्रॉसमेंबर जरासा तिरका बसला आणि नवे टायर आतल्या कडेने पहिल्याच उन्हाळ्यात झिजले. वेल्डर नीट पारखून घ्या, त्यात पैसे वाचवू नका.

एस-१०ची वाट कागदावर सोपी वाटते. जिची चासी घ्यायची ती दाता गाडी स्वस्त मिळते, आणि पुढचे डिस्क ब्रेक, स्वतंत्र सस्पेन्शन, उघडा शाफ्ट सगळं तिच्यासोबतच येतं. इंजिन बहुधा ४.३ लिटरचं व्ही-सिक्स, म्हणजे शेव्हरोलेच्या नावाजलेल्या ३५० घनइंची व्ही-एटमधले दोन सिलिंडर कमी. पण टेप लावून बघा. ३१००चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११६ इंच. एस-१०चा आखूड हौद्यात १०८.३, लांब हौद्यात ११७.९ आणि वाढीव केबिनमध्ये १२२.९. सगळ्यात जवळचा घेतला तरी चाक मडगार्डच्या मध्यापासून दोनेक इंच सरकतं. शिवाय चाकांमधली रुंदी कमी, त्यामुळे ती आत दबलेली दिसतात. मोठ्या माणसाने लहान मुलाचे बूट घातल्यासारखं ध्यान. केबिनचे माउंट, रेडिएटरचा आधार, स्टीअरिंग कॉलम, सगळं नव्याने बनवावं लागतं, आणि तोवर तुमच्या गॅरेजात एकाऐवजी दोन मोडक्या गाड्या उभ्या असतात. कागदपत्रांचे नियम राज्यागणिक वेगळे, तेव्हा केबिन एकीची आणि चासी दुसरीची झाली की नोंदणी कशी होणार हे आपल्या राज्यात आधी विचारा, कटर नंतर चालवा.

(भारतात बसून हा बेत करणाऱ्यांसाठी : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने हात बांधलेले आहेत, आणि मूळ आराखड्यात बदल नको हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये पुन्हा बजावलं. एके काळी, १९२८ पासून १९५४ पर्यंत, जनरल मोटर्स मुंबईत शिवडीलाच गाड्या जुळवत असे, हे आठवलं की जीव हळहळतो.)

एसएसआरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २००३ ते २००६ या काळात बनली, खाली शेव्हरोलेच्याच ट्रेलब्लेझर एसयूव्हीचा सांगाडा. सुरुवातीला ५.३ लिटर, ३०० हॉर्सपॉवर. २००५ला ६ लिटर, ३९० हॉर्सपॉवर. छत बटणावर उघडतं आणि केबिनमागे उभं जाऊन बसतं. रोज चालवायला तिघींत हीच सुखाची. पण हौद्यावर झाकण, जागा दोघांचीच, आणि गाड्या थोड्या बनल्यामुळे छताचे आणि पत्र्याचे खास भाग मिळवताना दमछाक होते. हातात पाना धरायचाच नसेल तर घ्या.

पाना धरायचा असेल तर चालू असलेली, न कापलेली ३१०० शोधा; इंजिन दमलेलं असलं तरी चालेल. बघायला जाताना खिशात चुंबक ठेवा. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी आणि पाय ठेवतो तो पत्रा, या तिन्ही ठिकाणी ते लावून बघा. चिकटलं नाही, तर वरच्या चकचकीत रंगाखाली पुट्टी आहे, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीतून पत्राकामाचा खर्च तिथेच वजा करा.