चिलापीवर सोडायचा कोण: मरळ की शिवडा?

कटला, रोहू, मृगळ सोडलेल्या शेततळ्यात चिलापी (तिलापिया मासा) शिरली की काही महिन्यांत तळं बोटाएवढ्या पिल्लांनी भरून जातं. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून ती फारशी दगावत नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांची झाली की स्वतःच विणीला लागतात. मग खाद्य पुरत नाही आणि कुणाचंच वजन वाढत नाही. अशा वेळी शिकारी मासा सोडावा, हा विचार बरोबर आहे. पण मरळ आणि शिवडा या दोन शिकारी माशांपैकी कोणता, हे त्याच्या शिकारीच्या पद्धतीवर ठरवा.

मरळ दबा धरणारी. काठालगतच्या पाणवनस्पतीत अंग न हलवता पडून राहते, भक्ष्य टप्प्यात आलं की एकाच झेपेत गिळते. लांब पाठलाग तिला जमत नाही आणि आवडतही नाही. लहानपणी प्राणिप्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मग किडे, कोळंबी, बेडूक, लहान मासे असा तिचा आहार वाढत जातो. चिलापीची पिल्लंही काठच्या उथळ पाण्यातच घोळक्याने असतात, त्यामुळे शिकारी आणि शिकार आपसूक एका जागी येतात. शिवाय मरळ वर येऊन हवा घेते, उन्हाळ्यात पाणी आटून प्राणवायू कमी झाला तरी तग धरते.

शिवड्याचं सगळं उलट. जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत फाटलेला, त्यात आत वळलेल्या बारीक दातांच्या पट्ट्या; एकदा धरलेला मासा निसटत नाही. तो रात्री फिरतो, लांब मिशांनी गढूळ पाण्यातही भक्ष्य हुडकतो. मीटरभर वाढणारा हा मासा शेततळ्यात ठेवला तर तो चिलापीच्या पिल्लांवर थांबत नाही. सडपातळ अंगाचे रोहू-मृगळ त्याला गिळायला जास्त सोपे. त्याला हवेतून श्वास घेता येत नाही, पाणी खराब झालं की तो मरळीसारखा तग धरत नाही. आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत तो असुरक्षित गटात आहे. नदीतून पकडून तळ्यात आणू नका, तो नदीतच राहू द्या.

म्हणून शेततळ्याला मरळच. पण तिच्याही मर्यादा आहेत. दोन्ही मासे भक्ष्य अख्खं गिळतात, म्हणजे तोंडात मावेल तेवढंच. तळहाताएवढ्या चिलापीचं अंग उंच, पाठीवर काटे. ती मध्यम मरळीच्या घशात जात नाही. मोठ्या चिलाप्या आधी जाळं ओढून काढाव्याच लागतात, नाहीतर मरळ पिल्लं खाईल आणि त्या नवी देत राहतील. कटला-रोहूची बोटुकली (बोटभर पिल्लं) मरळीसोबत कधीच टाकू नका, आधी त्यांना चांगलं वाढू द्या.

मरळीचं बीज एकाच मापाचं घ्या. मोठं पिल्लू लहान भावंडाला खातं, आणि वेगवेगळ्या मापाचं बीज टाकलं तर चिलापीआधी मरळच कमी होते. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात लपायला काही नसतं, तिथे एका कोपऱ्यात पाणवनस्पती तरंगत ठेवा. काठाने जाळीचं कुंपणही हवं. पावसाच्या रात्री मरळ ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या ओढ्यात जाते.