तीनशेचा स्टिकर, आत शंभरचा हीटर

फिश टँकसाठी हीटर घेणार असाल तर खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावर विसंबू नका, घरी आणल्या आणल्या मोजून बघा. मला १०० वॉटचा हीटर ३०० चा म्हणून विकला गेला, आणि त्यापायी माझी एंजल माशांची जोडी गेली.

आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, इथे माशांना हीटर कशाला, असं बरेच जण म्हणतात. पण डिसेंबर-जानेवारीत जळगावात रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली उतरतं. गोल्डफिशला थंड पाणी चालतं, एंजलला, टेट्राला, फायटरला नाही. त्यांना २४ ते २८ अंश लागतात. माझा टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वाळू-दगड वजा जाता साधारण १७० लिटर पाणी. लिटरला एक वॉट हा हिशेब खोली फार गारठत नसेल तर पुरतो. आमची खोली पत्र्याची, तिथे दीड-दोन वॉट धरावे लागतात. म्हणून ३०० चा मागितला आणि पैसेही ३०० चेच दिले.

हीटर लावला, लाल दिवा लागला. थर्मामीटर मात्र १९-२० च्या पुढे सरकेना. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "दिवा लागतोय ना भाऊ? मग हीटर एकदम ओके आहे. पाणी जास्त आहे, वेळ लागेल." खरं तर हीच खूण होती. पुरेशा ताकदीचा हीटर पाणी तापलं की आपोआप बंद होतो, दिवा विझतो, पाणी निवलं की पुन्हा लागतो. माझा दिवा रात्रंदिवस विझतच नव्हता. तोवर एंजल पंख मिटून तळाशी बसले, अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. पाणी गार पडलं की हा रोग हमखास डोकं वर काढतो. औषध घातलं, उपयोग झाला नाही.

गल्लीतल्या वायरमन आप्पांनी घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त हीटर चालू ठेवला आणि मीटरसमोर उभे राहिले. मीटरवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं. आमच्यावर ३२०० आहे. त्या हिशेबाने ३०० वॉटला मिनिटात १६ वेळा लुकलुकायला हवा. तो पाचच वेळा लुकलुकला. आप्पा म्हणाले, "भाऊ, हाई तीनशेनं नही शे, शंभरनंच शे." मग प्लग काढून, हीटर निवल्यावर बाहेर घेतला. टोपणाजवळचा ओला झालेला स्टिकर नखाने खरवडला, तर खाली काचेवरच १०० छापलेलं. एवढं उघड! खोक्यावर आयएसआयचा शिक्काही होता, पण त्याखाली सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवान्याचा क्रमांक, नव्हता. खऱ्या शिक्क्याखाली तो असतोच, आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव दिसतं.

दुकानात गेलो तर दुकानदाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही पाटी कायद्यापुढे टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मला मागूनही कच्ची चिठ्ठीच मिळाली होती, तिच्यावर ना दुकानाचं नाव ना वॉट, आणि तो तेवढ्यावरच अडून बसला. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. अर्धवट सोललेल्या स्टिकरचा फोटो आणि यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद जोडली आहे.

आता दुसरीकडून १५० चे दोन हीटर आणले, बिलावर वॉट लिहून घेऊन. दोन असले की एकाचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की हीटर बंद करणारा भाग, चालू स्थितीत अडकला तरी एकटा तो सगळं पाणी उकळवू शकत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा रात्र काढून देतो. दोन्ही मीटरवर मोजले, मिनिटाला प्रत्येकी आठ.

या थंडीत कोणी हीटर घेतला असेल तर ३० दिवस उलटायच्या आत मोजा. काचेवरचा स्टिकर जाडसर वाटला तर सोलण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.